कॅसेटमध्ये पाय दिसायचे नाहीत

वाचकांचे प्रश्न. या वेळी उत्तरं देत आहेत लालबागच्या चाळीत ब्रेक डान्स शिकलेले, गणपतीतल्या रेकॉर्ड डान्सच्या स्पर्धांत बक्षिसं मिळवलेले आणि आता मंडप-डेकोरेशनचा धंदा करणारे एक नर्तक. नाव छापू नका म्हणाले. वस्तीत सगळे 'ब्रेक मामा' म्हणतात, तेवढं पुरे.

प्रश्न : मामा, मुंबईत ब्रेक डान्स आला कुठून? रस्त्यावर कुणाला करताना पाहून शिकलात का?
– एक वाचक, नाशिक

रस्त्यावर कोण करणार? व्हिडिओ कॅसेटमधून आला. १९८४ साली अमेरिकेत या नाचावरचे दोन सिनेमे लागले, 'ब्रेकिन' आणि 'बीट स्ट्रीट'. त्यांच्या कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी, असं करत करत ते लालबागपर्यंत पोचले. तेव्हा गणपतीत, सत्यनारायणाच्या पूजेला वर्गणी काढून व्हीसीआर आणि कलर टीव्ही भाड्याने आणायचे. भाडं रात्रभराचं भरलेलं. त्यामुळे हिंदी पिक्चर संपून बायामाणसं झोपायला गेली की उरलेले तास आम्हा पोरांचे. 'इंग्लिश कॅसेट' लागणार म्हटल्यावर चाळीतले एक काका मुद्दाम जागे राहिले होते. पडद्यावर पोरं डोक्यावर गरगर फिरायला लागली तसे चादर उचलून चालते झाले.

गंमत अशी की त्या कॉपीत पडद्याच्या खालच्या बाजूला मुंग्या यायच्या. ट्रॅकिंगचं बटण कितीही फिरवा, नाचणाऱ्याचे पाय नेमके त्या मुंग्यांत. एका हातातून दुसऱ्या हातात करंट सोडणं, म्हणजे वीज गेल्यासारखी लाट फिरवणं, आम्हाला लवकर जमलं, पायांचं काम मात्र वर्षानुवर्षं अंदाजपंचे. पाय कुठून आणायचे? शाळेत शिकवलेल्या लेझमीचेच खपवले. वर रोबोट, खाली लेझीम.

मग १९८५ला 'मेरी जंग'मध्ये जावेद जाफरी नाचला आणि १९८६ला 'इल्जाम'मध्ये गोविंदा. हिंदी पिक्चरमध्ये आलं म्हटल्यावर घरच्यांची तक्रार निम्म्यावर आली.

प्रश्न : काका, आमचे क्लासचे सर म्हणतात की मूनवॉक म्हणजे ब्रेक डान्स नव्हे. मग काय?
– नववीतला विद्यार्थी, कोल्हापूर

सर बरोबर आहेत, तुझी फी वसूल. बाळा, आम्ही एका दमात ज्याला ब्रेक डान्स म्हणायचो ते वेगवेगळ्या गावांचे तीन नाच आहेत. ब्रेकिंग न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधलं. उभ्याने सुरुवात, मग हातांवर भार टाकून जमिनीलगत पायांचं काम, फिरणं आणि एकदम थिजून थांबणं. लॉकिंग लॉस एंजेलिसच्या डॉन कॅम्पबेलचं, त्यात हात सुटलेले असताना मध्येच कुलूप लागतं. पॉपिंग फ्रेस्नोच्या बुगालू सॅमचं, स्नायू आवळून सोडायचा की अंगाला झटका बसतो. ही दोन्ही गावं कॅलिफोर्नियात, म्हणजे ब्राँक्सपासून देशाच्या दुसऱ्या टोकाला. सिनेमांनी सगळ्याची मिसळ केली आणि आम्ही ती तशीच खाल्ली. मायकल जॅक्सनने १९८३ साली टीव्हीवर मागे सरकून दाखवलं तो मूनवॉक, आणि ते पॉपिंगवाली मंडळी आधीपासून करत होती. त्यांच्यात त्याला बॅकस्लाइड म्हणतात. सरांना विचार, दाखवतील.

प्रश्न : मुलगा घरात लादीवर डोकं टेकून फिरायचा प्रयत्न करतो. माझा जीव वरखाली होतो. तुमच्या वेळी कुठे आणि कसा सराव करायचात?
– एक आई, डोंबिवली

ताई, नाच थांबवू नका, पण हेडस्पिन आत्ता बंद करा. ती सगळ्यात शेवटची गोष्ट. आधी भिंतीला पाय टेकवून हातांवर उभं राहता आलं पाहिजे, मग भिंत सोडून. त्यानंतर दोन तळवे आणि डोकं असे तीन टेकू, त्यातही भार तळव्यांवर. हे महिनोन्‌महिने चालतं. मनगटं आणि मान गरम केल्याशिवाय सुरुवात नाही. मान दुखली किंवा हात बधिर वाटला तर सरळ डॉक्टर. आणि शिकवणारा समोर उभा असल्याशिवाय डोक्यावर जायचं नाही, हे त्याला माझ्या नावाने सांगा.

जमिनीबद्दल मात्र मला विचारायलाच हवं होतं, कारण माझं अर्धं आयुष्य जमिनीवर गेलं. शहाबादी फरशी खरखरीत, सांध्यांत सिमेंट वर आलेलं. तिच्यावर पाठीने फिरलं की एकेक मणका सोलून निघतो. चाळीची गॅलरी गुळगुळीत, पण रुंदी एवढीशी की एक पाय कठड्यावर आपटायचा आणि दुसरा कुणाच्या तरी स्टोव्हला लागायचा. गच्चीवर फुटक्या लाद्यांचे तुकडे बसवलेले, तिथे तर बसणंसुद्धा शिक्षा. म्हणून पुठ्ठा. साबणाचा खोका लहान पडतो आणि त्यात पिना असतात. टीव्ही-फ्रिजचा खोका पाहिजे, आणि चाळीत फ्रिज घेणार कोण? दादरच्या दुकानांच्या मागच्या बाजूला जाऊन मागून आणायचो. उलगडून पसरायचा, सांध्यांना चिकटपट्टी, वर चिमूटभर पावडर. पावसाळ्यात दोन दिवसांत त्याचा लगदा व्हायचा.

डोक्याला माकडटोपी, आत घडी केलेला रुमाल. पाठ घसरावी म्हणून छत्रीच्या कापडाचं जॅकेट. आमच्या नाक्यावरच्या टेलरने मापं घेताना दोनदा विचारलं, नक्की हेच कापड ना? मे महिन्यात लालबागमध्ये माकडटोपी आणि जॅकेट घालून फिरणाऱ्या पोराला लोक काय म्हणत असतील ते तुम्हीच ठरवा.

आजही स्टेज बांधून झालं की मी प्लायच्या सांध्यांवरून तळवा फिरवतो. खिळ्याचं डोकं वर राहिलेलं मला चालत नाही. कामगार हसतात, हसू देत.

प्रश्न : हा नाच अमेरिकेतल्या गुंडांच्या टोळ्यांतून आला असं वाचलं. मग त्याचं एवढं कौतुक कशासाठी?
– निवृत्त शिक्षक, सांगली

सर, टोळ्या होत्या हे खरं, पण हकिगत पुरती ऐका. ब्राँक्सच्या मधोमध मोठा हमरस्ता काढताना वस्त्याच्या वस्त्या उठल्या. पुढे कामं गेली, इमारतींना आगी लागत गेल्या, पोरं टोळ्यांत शिरली. १९७१च्या डिसेंबरात 'घेटो ब्रदर्स' या टोळीचा ब्लॅक बेंजी भांडण मिटवायला गेला आणि तिथेच मारला गेला. आता रक्त सांडणार असं सगळे धरून चालले होते. त्याच्या टोळीने बदला घ्यायला नकार दिला आणि ८ डिसेंबरला 'हो अव्हेन्यू' नावाच्या रस्त्यावरच्या क्लबात सगळ्या टोळ्यांना बसवून तह केला. त्यानंतर दुसऱ्याच्या हद्दीतल्या पार्टीला जाणं पोरांना पहिल्यापेक्षा सोपं झालं.

मग ११ ऑगस्ट १९७३. १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीतल्या सिंडी कॅम्पबेलला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. पैशांसाठी तिने इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली, मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, जमैकाहून आलेला, म्हणजेच डीजे कूल हर्क. त्याने एक गोष्ट हेरली होती. गाणारा गप्प होतो आणि नुसते ड्रम वाजतात, त्या काही सेकंदांसाठी नाचणारे टपून बसलेले असतात. ती जागा म्हणजे ब्रेक. पुढे त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. सेकंदांची जागा मिनिटांची झाली आणि त्या जागेत नाचणारे झाले बी-बॉय.

आमच्याकडे येईपर्यंत नेमकं हेच वाटेत गळून पडलं. डीजे नाही, पोरांचं गोल रिंगण नाही. उरला तो स्टेजवरचा आयटम, समोर परीक्षक आणि बाजूला स्टीलच्या डब्यांचं बक्षिसाचं टेबल. अख्खं गाणं लावायचं आणि मुखड्या-अंतऱ्यासकट सगळ्यावर नाचायचं. आमच्यातल्या एकाला ते पटेना. त्याने टू-इन-वनचं पॉझ बटण दाबून दाबून एका गाण्यातला ड्रमचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडून कॅसेट बनवली. ब्राँक्समध्ये काय झालं होतं हे त्याला कुणीही सांगितलेलं नव्हतं, त्याला फक्त तो तुकडा पुरत नव्हता. आमच्या सगळ्यांत खरा बी-बॉय तोच, आणि त्याला एकही बक्षीस मिळालं नाही, कारण 'गाणं कुठाय?' असं परीक्षकांनी माइकवरून विचारलं.

या नाचातल्या समोरासमोरच्या सामन्याला बॅटल म्हणतात, त्या शब्दाला घाबरू नका. आपल्याकडे कलगी आणि तुऱ्याचे शाहीर रात्रभर सवाल-जवाब करायचे, तसलाच प्रकार. समोरच्याच्या कोड्याला उत्तर द्यायचं आणि वर आपलं कोडं टाकायचं. अंगाला हात लावायचा नाही.

आणि गुंडांचंच म्हणाल तर १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी तेरा वर्षांचा. चाळीतल्या बापमाणसांच्या हातचं काम गेलं. पुढची काही वर्षं लालबाग-परळच्या पोरांना कोण कोण बोलावत होतं ते तिथल्या जुन्या माणसांना विचारा. संध्याकाळी मी पुठ्ठ्यावर पडलेलो असायचो, हे आईला वरून दिसायचं. तिला तेवढं बस होतं.

प्रश्न : तुमच्यात मुली होत्या का?
– कॉलेज विद्यार्थिनी, पुणे

आमच्या गल्लीत नव्हत्या. गॅलरीतून बघायच्या, आणि आमच्यापेक्षा बारकाईने. माझी बहीण दार लावून करंट पास करायची, माझ्याहून सफाईने. स्पर्धेत नाव द्यायची तिला परवानगी नव्हती. स्टीलचा डबा मला मिळायचा. ज्या पार्टीपासून सगळे हिपहॉपची, म्हणजे डीजे, रॅप आणि या नाचाच्या सगळ्या प्रकाराची, जन्मतारीख मोजतात, ती एका मुलीने ठेवली होती, हे मला कळलं तेव्हा मी पहिला फोन बहिणीला केला.

प्रश्न : यातून पैसे मिळाले का?
– एक वाचक, लातूर

ऑर्केस्ट्रात गायक पाणी प्यायला जातो, तेवढ्या वेळात आमचा आयटम. नाईटचे पैसे ठरायचे, काही आयोजक द्यायचे, काही 'उद्या ये' म्हणायचे. १९९६ला टीव्हीवर 'बूगी वूगी' सुरू झालं तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. पुढचं समजून घ्या.

प्रश्न : ब्रेकिंग ऑलिम्पिकमध्ये गेलं, तेव्हा अभिमान वाटला असेल?
– एक वाचक, ठाणे

बघितलं सगळं, २०२४चं पॅरिस. मुलींत जपानची आमी, मुलग्यांत कॅनडाचा फिल विझार्ड, दोघांनाही सोनं शोभलं. मला एक नियम फार आवडला. डीजे कोणतं गाणं लावणार ते नाचणाऱ्याला आधी माहीत नसतं, म्हणजे कानाचीही परीक्षा. २०२८च्या लॉस एंजेलिसच्या यादीत हा नाच नाही, याचं लोकांना वाईट वाटलं, मला फारसं नाही. पदकांच्या आधी तो पन्नास वर्षं जगलाच होता.

अभिमान म्हणाल तर तो धारावीत वाटला. तिथल्या 'स्लमगॉड्स' गटाचं ऐकून एका रविवारी गेलो. पोरं गोल करून उभी, एक मध्ये, बाकीचे टाळ्यांवर. मोठी पोरं लहानांना शिकवतात. मी त्यांना आमचा 'पंखा' करून दाखवला, म्हणजे अर्धा, वयाने तेवढाच होतो. एक पोरगा म्हणाला, अंकल, याला विंडमिल बोलतात, आणि पाय इथून येतो. माझा घोटा धरून त्याने दाखवलं. एवढी वर्षं मुंग्यांच्या मागे काय चाललं होतं ते तेव्हा कळलं. २०१९ला रेड बुल बीसी वन या ब्रेकिंगच्या स्पर्धेची जागतिक अंतिम फेरी मुंबईत झाली, हॉलंडचा मेनो जिंकला. जगातली सगळ्यात चांगली पोरं माझ्या शहरात येऊन नाचून गेली. ऑलिम्पिकपेक्षा मला ते मोठं.

प्रश्न : माझं वय ४७, बँकेत नोकरी. आता शिकता येईल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उभ्याने करायचं ते, म्हणजे टॉपरॉक, बेलाशक शिका. जेम्स ब्राउनचं १९७२चं 'गेट ऑन द गुड फूट' लावा, ब्राँक्सची पहिली पोरं त्यावर नाचलेली आहेत. उजवा पाय डाव्याच्या पुढे आडवा टाका, हात उघडा, परत या. मग डावा. गाणाऱ्याकडे लक्ष देऊ नका, ड्रम ऐका. खाली उतरायची हौस आली तर आधी गुडघे डॉक्टरांना दाखवा. आणि रबरी तळाचे बूट घाला. मोजे घालून लादीवर टॉपरॉक करणाऱ्यांना उचलायला मी स्वतः गेलेलो आहे.