बेस्टच्या ताफ्यात इतक्या तऱ्हेच्या बस कशा काय?

प्रश्न : मी परळला राहतो. लहानपणी लाल बस म्हणजे लाल बस, फार तर सिंगल नाहीतर डबल डेकर. आता एकाच स्टॉपवर पाच मिनिटांत पाच तऱ्हेच्या येतात. आई ७४ वर्षांची आहे, एका बसमध्ये आरामात चढते, दुसरीची पायरी तिला जमतच नाही. एवढी मॉडेलं कशासाठी?
– एक वाचक, परळ

उत्तर : पहिल्यांदा एक सांगतो, जुना ताफाही वाटतो तितका एकसारखा नव्हता. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली मोटारबस धावली, १९३७ मध्ये डबल डेकर आली, १९६२ ते १९७१ तारेवर चालणाऱ्या ट्रॉलीबसपण होत्या. पण तेव्हा गाडी बेस्टच्या मालकीची, रिपेअरिंग बेस्टच्याच डेपोत, त्यामुळे एकदा एक मॉडेल घेतलं की तेच वर्षानुवर्षं रस्त्यावर दिसायचं.

आता तसं राहिलं नाही, बऱ्याच गाड्या वेट लीजवर घेतलेल्या असतात. वेट लीज म्हणजे बस ठेकेदाराची, ड्रायव्हरही त्याचा, आणि बेस्ट त्याला किलोमीटरमागे पैसे देते. २०१९ पासून हे जोरात सुरू झालं. दर टेंडरला ठेकेदार वेगळा, त्याच्या गाडीची कंपनी वेगळी, त्यात मिनी, मिडी (म्हणजे मधल्या आकाराची), बारा मीटरची, सीएनजी, इलेक्ट्रिक, एसी, मग एका स्टॉपवर पाच तऱ्हा होणारच.

आईच्या त्रासाचं मूळ मात्र फ्लोअरच्या उंचीत आहे, आणि माझ्या मते खरा मुद्दा तोच आहे. जुन्या बसची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, जवळपास ट्रकसारखी, इंजिन पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, फ्लोअर खूप वर, म्हणून आत उंच पायऱ्या. इंजिन मागे नेलं किंवा बॅटरीची गाडी केली की फ्लोअर खाली आणता येतो. केंद्राच्या नियमांत शहरी बसच्या फ्लोअरची उंची ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर अशी धरलेली आहे, चारशेवाली आली तर आई जवळजवळ फुटपाथवरून थेट आत पाऊल टाकते, नऊशेवाली म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. मिनीचं दार अरुंद, त्यात हातात पिशवी असली की अजूनच अवघड.

डबल डेकरचं म्हणाल तर जुनी, मागून दाराविना उघडी असलेली, शेवटची १५ सप्टेंबर २०२३ ला धावली. नवी इलेक्ट्रिक एसी डबल डेकर त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झाली, तिला दोन दारं आणि दोन जिने आहेत. जुन्या मागच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून वारा खायची मजा गेली याचं मलाही वाईट वाटतं, पण धावत्या गाडीतून माणूस खाली पडायचा धोका गेला हे फार चांगलं झालं.

आईसाठी सध्या एवढंच करा, आपल्या रूटवर कोणत्या वेळेला खालच्या फ्लोअरची गाडी असते ते दोन-चार दिवस बघून ठेवा, आणि डेपोत लेखी मागणी द्या की या रूटला तशीच गाडी द्या. बस ठेकेदाराची असली तरी कोणत्या रूटला कोणती गाडी लावायची हे बेस्टच ठरवते.