बाबा भांडतायत ना, मग हीच वेळ आहे

अरे,

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला. मेमरी क्लिनिकचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या तपासणीचं, पत्र बाबांनी पेपरच्या गठ्ठ्यात दडवून ठेवलं, एलपीएचा, म्हणजे आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचे ते आधीच लिहून द्यायच्या लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नीचा, विषय काढला की "मला वेडा ठरवतोस का" म्हणून ताटावरून उठतात, आई मधल्यामध्ये रडते, आणि म्हणून तू ठरवलंयस की आधी क्लिनिकमध्ये काय निघतं ते बघू, ते जरा शांत झाले की मग काढू विषय. तुझी माया मला माहिती आहे रे, तुला शाळेच्या ब्लेझरमध्ये पाहिलंय मी. पण ते शांत व्हायची वाट बघू नकोस. हा आजार असेल तर एक दिवस ते शांत होतीलच, आणि त्या दिवशी तू कितीही फॉर्म पुढे ठेवलेस तरी उपयोग नाही.

बाबा भांडतायत म्हणजे त्यांना कळतंय. घर, पैसा, आपल्या तब्येतीचे निर्णय हे सगळं दुसऱ्याच्या हातात द्यायची गोष्ट चाललीय हे नीट कळतंय म्हणूनच तर चिडतायत. कायद्याला याच्यापेक्षा वेगळं काय पाहिजे? इथला, इंग्लंडचा, मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट २००५ चा, तो सुरुवातच इथून करतो की उलटं सिद्ध होईपर्यंत माणसाला कपॅसिटी, म्हणजे स्वतःचा निर्णय घ्यायची क्षमता, आहे असंच धरायचं. हट्टी असणं, मूर्खपणाचा निर्णय घेणं म्हणजे कपॅसिटी नसणं नव्हे. समोरची गोष्ट समजली, निर्णय घेण्यापुरती डोक्यात राहिली, उलटसुलट विचार करता आला आणि काय ते सांगता आलं, एवढंच लागतं. कालची भाजी आठवत नाही म्हणून सही करता येत नाही असं अजिबात नाही. आणि डायग्नोसिस आलं की दार बंद असंही नाही, डिमेन्शियाच्या सुरुवातीला कितीतरी लोक व्यवस्थित एलपीए करतात. पण म्हणून क्लिनिकच्या तारखेसाठी थांबायचं? कशाला? त्या कागदावर काय येईल त्याने तुझं काम सोपं होणार नाहीये, अवघडच होईल.

तू लिहिलंयस, "काही झालंच तर मी मुलगा आहे ना, नेक्स्ट ऑफ किन." हे वाचून मला राग आला खरं सांगते. नेक्स्ट ऑफ किन म्हणजे इंग्लंडमध्ये हॉस्पिटलने फोन कोणाला करायचा तेवढंच. निर्णयाचा अधिकार तुला नाही, आईलाही नाही, लग्नाला कितीही वर्षं झालेली असोत. डॉक्टर तुम्हाला विचारतील, चांगले असतील तर नीट ऐकतील, पण ठरवणार ते, बाबांच्या हिताचं काय ते बघून. आणि बाबांचा पासवर्ड टाकून तू त्यांची बिलं भरतोस ना, तो काही अधिकार नाही, बँकेच्या लक्षात आलं तर अकाउंट अडकेल. आईबाबांचं जॉइंट अकाउंट आहे म्हणून निश्चिंत राहू नकोस, एकाची कपॅसिटी गेल्याचं बँकेला कळलं तर गरजेपुरते व्यवहार सोडून ते खातंसुद्धा बँक आवळू शकते.

माझ्या एका मैत्रिणीचं सांगते, नाव नको. नवऱ्याला पन्नाशीत स्ट्रोक आला, वाचा गेली, समज गेली. एलपीए नाही. घर दोघांच्या नावावर, जिना चढवत नाही म्हणून विकून बंगलो घ्यायचा तर त्याची सही आणायची कुठून? मग कोर्ट ऑफ प्रोटेक्शन, म्हणजे कपॅसिटी नसलेल्या माणसांचं बघणारं कोर्ट. अर्जाचीच फी चारशे पौंडांच्या वर, डॉक्टरकडून कपॅसिटीचा फॉर्म, सिक्युरिटी बाँड, महिनोन्‌महिने वाट, आणि डेप्युटी, म्हणजे कोर्टाने नेमलेली कारभारी, झाल्यावर दरवर्षी नवऱ्याच्या पैशाचा हिशोब सरकारला द्यायचा, वर सुपरव्हिजनची वार्षिक फी ३२०. ती मला म्हणाली, संसार माझा आणि परवानगी कोर्टाची. आणि एवढं करून ते फक्त पैशापुरतं, तब्येतीच्या निर्णयांसाठी डेप्युटी कोर्ट क्वचितच नेमतं. त्या माणसाला कोणी विचारलंच नव्हतं रे, तो भांडू शकत होता तेव्हा.

आता माझ्या घरचं. तुला थोडंफार माहिती असेल, मंडळात बोललं गेलंच होतं. सासऱ्यांचा मी विषय काढला तेव्हा त्यांनीही असाच आरडाओरडा केला, पुण्याच्या दीरांना फोन केला की सूनबाई सगळं नावावर करून घेतेय. दीरांनी मला काय काय सुनावलं ते सोड. पण मी मागे हटले नाही, कारण मला दिसत होतं की हा माणूस अजून एकेक ओळ वाचून हरकत घेतोय. भिंग घेऊन बसायचे. पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, बँकेत नुसती इनिशियल्स, पेन्शनच्या कागदावर तिसरंच, आणि ते म्हणाले आधी हे तिन्ही एकसारखं करा मगच सही. बरोबर होतं त्यांचं! तुझ्या बाबांचंही हेच असणार, आपल्या लोकांचं असतंच, आधी तपासून घे. पैशांच्या फॉर्मवर त्यांनी सही केली, मला आणि ह्यांना अटर्नी, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार बघणारे, केलं. तब्येतीच्या फॉर्मला मात्र म्हणाले, नाही. ते देवावर सोडा.

आणि मी सोडलं. पुढे केअर होमचं ठरवायची वेळ आली तेव्हा मीटिंगा झाल्या, सोशल वर्कर, नर्स, आम्ही खुर्च्या मांडून बसलेले, आमचं मत "विचारात घेतलं" गेलं, त्यांना ठेवलं ते घरापासून लांब. मला आजही वाईट वाटतं, तिथे त्यांना कोणी वरणभात दिला नाही. अजून लोक म्हणतात, तेव्हाच जोर करून सही घ्यायला हवी होती. कशी घेणार? ज्या माणसाच्या "हो"ला मी किंमत दिली त्याच्या "नाही"ला देऊ नको? दीर म्हणतात मी लुबाडलं, बाकीचे म्हणतात मी कमी पडले, दोघांनाही माझं एकच उत्तर आहे, त्यांना विचारलं तेव्हा ते नाही म्हणू शकत होते. तेवढं मी केलं. असो, माझं पुराण फार झालं.

तुझ्याकडे येते. फॉर्म दोन असतात, पैसा-मालमत्तेचा वेगळा आणि तब्येत-देखभालीचा वेगळा, दोन्ही कर. प्रत्येकी रजिस्ट्रेशन ९२ पौंड, म्हणजे आईबाबांचे मिळून चार फॉर्म, ३६८. वर्षाचं उत्पन्न बारा हजारांच्या खाली असेल तर अर्धी फी, आईचं बहुतेक बसेल त्यात. सॉलिसिटर लागतोच असं नाही, तुमचं काही व्यापारधंद्याचं गुंतागुंतीचं नाही. सह्यांचा क्रम मात्र डोळ्यात तेल घालून बघ, आधी बाबा, मग सर्टिफिकेट प्रोव्हायडर (बाबांना सगळं कळतंय आणि जबरदस्ती नाही याची खात्री देणारा), सगळ्यात शेवटी अटर्नी. अर्धे फॉर्म इथेच परत येतात असं वाटतं मला, कारण मुलगा उत्साहाने आधी स्वतःची सही ठोकून मोकळा होतो. बाबांच्या सहीला साक्षीदार तू चालणार नाहीस, तू अटर्नी आहेस. आणि सगळं बिनचूक गेलं तरी रजिस्टर होऊन यायला दोन-अडीच महिने धर, मध्ये चार आठवडे तर कोणाला हरकत घ्यायची असली तर त्यासाठीच ठेवलेत. रजिस्टर झाल्याशिवाय तो कागद वापरता येत नाही, म्हणूनच म्हणते "गरज पडली की करू" हे वाक्य घरात कोणी उच्चारूच नये.

आईने बाबांना आणि बाबांनी आईला नेमायचं असं तुमचं चाललंय म्हणे. गोड आहे, पण दोघं पंचाहत्तरीच्या आसपास. तू आणि ताई दोघांनाही घाला आणि "जॉइंटली अँड सेव्हरली" वर टिक करा, म्हणजे एकत्र किंवा एकटं, कसंही काम करता येतं. नुसतं "जॉइंटली" केलंत तर प्रत्येक गोष्टीला सगळ्यांच्या सह्या, आणि त्यातला एक जरी गळाला तर, रिप्लेसमेंट नेमला नसेल तर, अख्खा एलपीए कोलमडतो. ताई पुण्यात आहे म्हणून चालत नाही हे कोणी सांगितलं तुला? चालते. बँकेला तिची ओळख पटवताना डोकं खाल्लं जाईल एवढंच.

बाबांना समजावताना घाबरवू नकोस, "उद्या तुम्हाला काही झालं तर" ने सुरुवात केलीस की संपलं. त्यांना सांग की सही केली म्हणून काहीच हातातून जात नाही, डोकं ठिकाणावर आहे तोवर ते कधीही रद्द करू शकतात, तब्येतीचा फॉर्म तर कपॅसिटी असेपर्यंत लागूच होत नाही. पैशांचाही तसाच ठेवायची सोय फॉर्ममध्ये आहे. मला ती फारशी आवडत नाही, मग बँक दरवेळी पुरावा मागत बसते, बाबांना हॉस्पिटलमधून नुसतं बिल भरायला सांगायचं असलं तरी तू अडकतोस. पण त्यावाचून ते ऐकतच नसतील तर टाक ती टिक, नसण्यापेक्षा बरं. जीव वाचवणाऱ्या उपचारांबद्दल एक वेगळी सही आहे तब्येतीच्या फॉर्ममध्ये, ते ठरवायला तुम्हाला द्यायचं की नाही. त्या पानावर घाई करू नकोस. तिथे त्यांना बोलू दे, भांडू दे, काय खायचंय, कुठे राहायचंय, पूजा कोण करणार, सगळं निघेल.

ठाण्याच्या फ्लॅटचं कुलमुखत्यारपत्र चुलतभावाकडे आहे म्हणून तो प्रश्न मिटला असं लिहिलंयस, नाही मिटला. इथला एलपीए तिथे चालत नाही ते एक. दुसरं म्हणजे भारताच्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ बघ, मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की ते मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे ज्या दिवशी लागणार त्याच दिवशी निकामी! तिथे एलपीएसारखं काही नाहीच, मग हायकोर्टात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो, मुंबई हायकोर्टाने असे आदेश दिलेले आहेत. फ्लॅट विकायचा असेल तर बाबा स्वतः सही करू शकतायत तोवर विका, नसेल तर मृत्युपत्र आणि बँक-सोसायटीचं नॉमिनेशन आत्ता नीट करून घ्या. हेही ते भांडतायत तोवरच.

आणि तुझं स्वतःचं काय? हसू नकोस. मॉर्गेज आहे, बायको आहे, रोज मोटरवेवरून जातोस. अठरा वर्षांवरच्या कोणालाही करता येतं. बाबांसमोर आधी स्वतःचा फॉर्म भर, मग बघू "मला वेडा ठरवतोस का" कसं म्हणतात ते.

सर्टिफिकेट प्रोव्हायडर घरचा चालत नाही, पण दोन वर्षांहून जास्त ओळख असलेला बाहेरचा चालतो, तेव्हा मी यायला तयार आहे. बाबा विचार मराठीत करतात, त्यांच्याशी कोणीतरी मराठीतच बोललं पाहिजे. सकाळी ठेव, दुपारनंतर ते थकतात. पण दोन गोष्टी आधीच सांगते, मी बोलत असताना तू आणि आई खोलीबाहेर बसायचं, आणि बाबा मला नाही म्हणाले तर मी सही करणार नाही, मग तू कितीही रुसलास तरी. शनिवार चालेल का ते आईला विचारून कळव, रविवारी मी भजनाला जाते.

काकू