निर्बंध म्हणजे हट्ट!

एका ग्रंथपालबाईंचा प्रश्न: विद्यापीठाच्या प्रबंध-भांडारात काही पीएचडीचे प्रबंध ठरावीक काळ वाचकांना उघडत नाहीत. इंग्रजीत त्याला ‘एम्बार्गो’ म्हणतात. मराठी पाटीवर ‘बंदी घातलेला’ लिहावं, ‘प्रतिबंधित’ की ‘निर्बंधित’?

‘बंदी’ आधी खोडा. हा शब्द ऐकून ऐकून कान किटले. बंदी सरकार घालतं, पुस्तकावर किंवा गुटख्यावर. इथे बहुधा संशोधकानेच अर्ज केलेला असतो. पेटंटसाठी अर्ज करायचाय, त्याआधी प्रबंध चव्हाट्यावर आला तर शोधाचं नावीन्यच संपलं. किंवा मुलाखती देणाऱ्यांची ओळख पटेल, अशी भीती असते. शीर्षक, सारांश, मार्गदर्शकाचं नाव सगळं दिसतं, फक्त पीडीएफ उघडत नाही. याला बंदी म्हणतात होय? आणि अशा प्रबंधाला ‘संवेदनशील’ही म्हणू नका. संवेदना माणसाला असते. प्रबंधाला कधी हुंदका फुटलेला मी पाहिला नाही. नाजूक म्हणा, जोखमीचा म्हणा.

‘प्रतिबंध’ लसीकडे राहू द्या. आता ‘निर्बंध’. ‘निर् म्हणजे नसणे, म्हणून निर्बंध म्हणजे बंधन नसलेला, मराठीने उलटाच अर्थ केला,’ असं सांगणारे विद्वान मला दर दोन महिन्यांनी भेटतात. त्यांनी ‘निर्धार’ आणि ‘निर्णय’ यांचीही अशीच फोड करून दाखवावी! निर् नेहमी नकार देत नाही, कधी तो नेट लावतो. संस्कृतात ‘निर्बंध’ म्हणजे हट्ट, एखाद्या गोष्टीला चिकटून बसणं. रघुवंशाच्या पाचव्या सर्गात पाहा. वरतंतूचा शिष्य कौत्स शिक्षण संपल्यावर ‘गुरुदक्षिणा सांगाच’ म्हणून पाठ सोडत नाही. गुरू आधी भक्तीवरच समाधान मानतात, पण पोरगा ऐकेना, तेव्हा चिडून म्हणतात, चौदा विद्या शिकलास ना, आण चौदा कोटी! कालिदासाचा शब्द आहे ‘निर्बन्धसञ्जातरुषा’, म्हणजे हट्टामुळे रागावलेल्या गुरूने. विद्यार्थी, मार्गदर्शक आणि शेवटच्या टप्प्यावरची कटकट: पीएचडीवाल्यांना हा प्रसंग समजावून सांगायला नको.

पुढे हट्टाचा आग्रह झाला, आणि आग्रहाची सक्ती होऊन मराठीत निर्बंध आला, असं माझं मत. सावरकरांनी तर ‘कायदा’ला प्रतिशब्द म्हणून तोच चालवला. हिंदीत मात्र ‘निर्बंध’ मोकळा, मुक्त या अर्थानेही येतो. म्हणजे आपल्या विद्यापीठाची ‘निर्बंध’ची पाटी हिंदी वाचकाला ‘या, खुशाल वाचा’ असं सांगू शकते. त्यात हिंदीतला ‘प्रबंध’ म्हणजे बहुतेक वेळा व्यवस्था, त्यामुळे ‘प्रबंधावर निर्बंध’ वाचून त्या बिचाऱ्याने काय समजायचं? प्रबंध, निबंध, निर्बंध, प्रतिबंध आणि शेताचा बांध, सगळी एकाच ‘बन्ध्’ धातूची लेकरं. २००९च्या यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं सक्तीचं केलं, विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने देशभरच्या प्रबंधांच्या भांडाराला नाव दिलं ‘शोधगंगा’. तिच्यावर बांध आलाच!

हां, तुमचा प्रश्न. ‘एम्बार्गो’ स्पॅनिशमधून आला, आणि त्याच्या पोटात ‘बार’ आहे, म्हणजे आडवा दांडा, आपला अडसर. बंदरात जहाज अडकवून ठेवण्यासाठी तो रूढ झाला. जुन्या वाड्यात दिंडीदरवाजामागे भिंतीच्या भोकातून लाकडी अडसर ओढत, सकाळी पुन्हा आत सारत. तो काढण्यासाठीच घातलेला असे. ‘अडसर’च लिहा असा माझा मोह आहे, पण वाचक सॉफ्टवेअर बिघडलं समजतील. म्हणून ‘मुदतबंद’. बँकेतल्या मुदत ठेवीमुळे लोकांना पहिला अर्धा भाग पाठ आहे. पुढे तारीख मात्र लिहा: ‘मुदतबंद, अमुक तारखेपर्यंत’. तारीखच घालणार नसाल, तर ‘बंदी’ शब्दावरचा माझा आक्षेप मी मागे घेतो, लिहा खुशाल.