चावी कोनाड्यातली, म्हणून घरफोडी नाही?

प्रश्न : आमचं घर राजापूर तालुक्यात, आम्ही डोंबिवलीला. यंदा शिमग्यानंतर घर बंद केलं ते गणपतीला उघडलं, तर माजघरातल्या दोन समया, पितळी हंडा, घंगाळ आणि ताम्हण गायब. कुलूप मात्र नीट लावलेलं. चावी सासूबाईंच्या काळापासून तुळशीमागच्या कोनाड्यात असते. चोरानं तीच वापरून जागेवर ठेवली असणार. पोलीस ठाण्यात म्हणाले, "कुलूप फोडलेलं नाही, म्हणजे घरफोडी नाही." भांड्यांची किंमत साडेचार हजार धरली आणि एनसी हातात दिली. हे बरोबर आहे का?
— एक वाचक

उत्तर : नाही, ताई. एनसी म्हणजे अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलीस तपासच करणार नाहीत, आणि तुमचा हंडा तोवर भंगारात वितळलेला असेल.

सगळा घोटाळा 'फोडी' या शब्दानं होतो. आपल्याला पहार आणि तुटलेला कोयंडा आठवतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये मात्र घरफोडीचे सहा प्रकार दिलेत आणि त्यांतले बरेच काहीही न मोडता होतात. खिडकीतून शिरणं, भिंत चढून आत उतरणं, भोकातून तार घालून आतली कडी उचलणं, सगळी घरफोडीच. आपल्याकडे कौलं सरकवून उतरतात तेही त्यातच. कुलूप उघडणं हा तर वेगळा प्रकार म्हणूनच दिलाय. 'उघडणं' लिहिलंय, 'तोडणं' नाही. कलमाखालच्या एका उदाहरणात घरमालकाची हरवलेली चावी कुणाला सापडते, तो तिनं दार उघडून आत घुसतो. कायदा म्हणतो, ही घरफोडी. हे उदाहरण १८६० च्या दंडसंहितेपासून चालत आलंय, तेव्हा नव्या कायद्याचं निमित्तही चालणार नाही.

कोनाड्यात चावी ठेवणं म्हणजे चोराला आवतण, असं कुणी ऐकवेल. ऐकवू दे. माझ्या आईची चावी पडवीतल्या पाट्याखाली असायची आणि ते पोस्टमनपासून गुरवापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असलं म्हणून आत जायची परवानगी मिळत नाही.

रत्नागिरीत वकिली सुरू केली तेव्हाची गोष्ट. माझ्या अशिलानं भिंतीचा चिरा काढून नुसता हात आत घातला होता आणि खुंटीवरची पँट ओढली होती. 'माणूस घरात गेलाच नाही, साहेब', असा मी तावातावानं युक्तिवाद केला. न्यायाधीशांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. शरीराचा कुठलाही भाग आत गेला की पुरे. तो खटला मी हरले, पण कलम पाठ झालं.

आता किमतीचं. ज्या पाच हजारांच्या मर्यादेवरून तुम्हाला एनसी दिली, ती कलम ३०३ च्या साध्या चोरीला आहे. माल त्याच्या आतला, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. एरवी तीन वर्षांपर्यंत कैद. घरातून झालेली चोरी मात्र कलम ३०५ मध्ये जाते, सात वर्षांपर्यंत, आणि तिथे किंमत कुणी विचारत नाही. म्हणजे घटकाभर घरफोडी नाही असं धरलं, तरी तुमची एनसी चुकलेलीच. त्यावर चोरीसाठी घरफोडी म्हणून कलम ३३१ : दिवसा असेल तर दहा वर्षांपर्यंत, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात असेल तर चौदा. तुमच्या बाबतीत दिवस की रात्र हे सांगणार कोण? घर पाच महिने बंद होतं. म्हणून अशा फिर्यादीत बहुधा दोन्ही पोटकलमं लावतात. रात्र सिद्ध झाली नाही तर माप दहाचंच. हे आकडे कमाल शिक्षेचे आहेत हो. समयांसाठी चौदा वर्षं झालेली मी अजून पाहिलेली नाहीत.

लेखी अर्ज द्या. त्यात चावीची हकीकत न लाजता लिहा आणि कलम ३३१, ३०५ स्पष्ट घाला. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवावाच लागतो, हे सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये ललिता कुमारी निकालात सांगितलंय. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नाहीच नोंदवला, तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोस्टानं अर्ज पाठवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जा. डोंबिवलीच्या ठाण्यातही फिर्याद देता येते. ती शून्य क्रमांकानं घेऊन तिकडे वर्ग करतात.

आणि गणपतीचे जुने फोटो काढा. मखराशेजारी समया दिसतीलच. मुद्देमाल सापडला तर 'ही आमचीच' हे त्यावरून ठरेल. पंचनामा, फोटो आणि बंधपत्र घेऊन कोर्ट खटला संपायच्या आधीही भांडी ताब्यात देऊ शकतं.

प्रश्न : जूनमध्ये मासेमारी बंद असताना खाडीत लावलेल्या आमच्या ट्रॉलरच्या केबिनचं कुलूप तोडून वायरलेस आणि जीपीएस नेला. बोट म्हणजे घर नव्हे ना?
— एक मच्छीमार, दापोली तालुका

उत्तर : केबिनमध्ये खलाशी राहत असतील, तर घरच. माणसं राहतात ते जहाजही या कलमांत इमारतीच्या बरोबरीनं धरलंय. जहाजाच्या गोल खिडकीतून सरपटत शिरणाऱ्या माणसाचं उदाहरणसुद्धा कायद्यात आहे. तुमचं तर कुलूप तुटलेलं आहे, तेव्हा वर ताईंना सांगितलेलीच कलमं. उघड्या होडीतलं जाळं उचललं असतं, तर माझ्या मते फक्त चोरी. तिथे फोडायला काही नसतं.