मॅग्नेटो मुलाला पटतो, काय करू?

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. मित्राकडे त्याने 'एक्स-मेन' या अचाट शक्ती असलेल्या माणसांच्या इंग्रजी चित्रपटमालिकेचा मधलाच एक भाग पाहिला आणि आता सगळे बघायचे म्हणतो. कोणत्या क्रमाने दाखवू? शिवाय त्याला त्यातला खलनायक मॅग्नेटोच बरोबर वाटतो. काळजी करावी का?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, चित्रपट ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने दाखवा. कथेतल्या सालांप्रमाणे लावायला गेलात तर डोकं गरगरेल. २००० चा पहिला, २००३ चा दुसरा. २००६ चा तिसरा घाईत उरकलेला आहे, राहिला तरी फार अडत नाही. मग २०११ चा 'फर्स्ट क्लास' आणि २०१४ चा 'डेज ऑफ फ्युचर पास्ट'. २०१७ चा 'लोगन' माझ्या मते सगळ्यांत सरस, पण त्यात रक्तपात फार आहे. तो दोन-चार वर्षं थांबू द्या.

आता मॅग्नेटो. रविवार कारंजापाशी माझं सीडी भाड्याने द्यायचं दुकान होतं. पहिल्या 'एक्स-मेन'चा दोन डिस्कचा संच होता आणि पहिल्या डिस्कवर सुरुवातीलाच चरा पडलेला. टूथपेस्ट लावून घासली, तरी चित्र तिथेच अडकायचं. मुलं तेवढा भाग पुढे ढकलायची आणि परत करताना म्हणायची, "काका, तो मॅग्नेटो एक नंबर दुष्ट आहे." मी दुसरी प्रत आणून पाहिली तेव्हा कळलं, ती नेमकं काय गाळत होती.

पोलंड, १९४४. पाऊस, चिखल, कोटांवर ज्यूंची खूण म्हणून लावलेले पिवळे तारे. नाझी छावणीत एका मुलाची आईवडिलांपासून ताटातूट होते. फाटक बंद होतं, शिपाई त्याला मागे ओढतात, तो आईकडे हात पसरतो आणि ते लोखंडी फाटक त्याच्या दिशेने वाकायला लागतं. मग डोक्यात बंदुकीचा दस्ता बसतो. लोखंड वाकवण्याची जन्मजात शक्ती असलेला हा मुलगा म्हणजेच मॅग्नेटो. तेव्हापासून ही डिस्क देताना मी प्रत्येकाला बजावायचो, सुरुवात सोडायची नाही.

१९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ही कॉमिक सुरू केली, तेव्हा मॅग्नेटो साधा खलनायकच होता. पुढे ख्रिस क्लेअरमाँट यांनी वर्षानुवर्षं ती लिहिली आणि छावणीतलं बालपण त्याला त्यांनी दिलं. चित्रपटवाल्यांनी सुरुवातीला मुखवटे, पिवळे-निळे पोशाख सोडले, पण ही गोष्ट उचलली. मालिका उभी आहे ती त्यावर.

म्हणून तुमच्या मुलाला तो पटतो यात काही वावगं नाही. त्याला त्या माणसाचं दुःख कळलंय. "तो वाईट आहे" म्हणून विषय मिटवू नका. पहिला चित्रपट संपला की एवढंच विचारा, "रोगचं काय?" रोग ही त्यातली कोवळी मुलगी. मॅग्नेटोला एका यंत्राने जगभरच्या पुढाऱ्यांना म्युटंट, म्हणजे आपल्यासारखं अचाट शक्तीचं, करायचंय आणि ते चालवताना जीव जाणार आहे तो तिचा. ज्याला लहानपणी ओढून नेलं, तोच आता एका मुलीला ओढून नेतो. यावर तुमचा मुलगा काय म्हणतो ते शांतपणे ऐका. लगेच बोलला नाही तरी चालेल.

आणि एक सांगतो, दुसऱ्या चित्रपटात बॉबी नावाचा पोरगा घरी येऊन आपण म्युटंट असल्याचं सांगतो. त्याचं बोट लागताच कपातला चहा गोठतो. आई त्याला विचारते, तू तसं नसण्याचा प्रयत्न करून पाहिलास का? ती दुष्ट नाही, घाबरलेली आहे. माझ्या दुकानात येणाऱ्या कितीतरी मुलांनी हे वाक्य घरी वेगवेगळ्या कारणांनी ऐकलेलं असणार. तो प्रसंग येईल तेव्हा स्वयंपाकघरात जाऊ नका, मुलाशेजारीच बसा.