कराचे पैसे गल्ल्यात मिसळू नको

डिचोलीत दुकान टाकतोयस, बरं वाटलं. मालाचं तुला कळतंच, म्हणून फक्त कराच्या तारखांचं सांगतो.

१ जुलै २०१७ पासून आपल्या मालावर व्हॅट नाही, जीएसटी आहे. (बारवाल्यांना दारूवर व्हॅट अजून भरावा लागतो, ते वेगळं.) उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर तिमाही रिटर्न घेता येतं. पण रिटर्न तिमाही म्हणजे पैसेही तीन महिन्यांनी, असं समजू नको. इथेच नवे लोक फसतात. पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत चलनाने भरायचा. तिमाहीचं ३बी, म्हणजे कराचं मुख्य रिटर्न, आपल्या गोव्यात तिमाहीनंतरच्या महिन्याच्या २२ तारखेपर्यंत. उशीर झाला की वर्षाला १८ टक्के व्याज, शिवाय ३बी चुकलं तर दिवसाला ५० रुपये.

१,१८० रुपयांचा पाइप विकलास, तर त्यातले १८० कराचे, ते तुझे नव्हेतच. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते हे खरं, तरी मी रोज रात्री गल्ला मोजला की कराची रक्कम वेगळ्या खात्यात टाकतो. एका वर्षी जुलैचा कर माटोळीच्या (गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या) सामानात आणि घराच्या रंगात गेला, चवथ झाल्यावर उसने पैसे मागत फिरलो. बायको अजून काढते तो विषय!

आणि एनईएफटीने भरणार असशील तर २५ ची वाट बघू नको. पैसे सरकारी खात्यात पडतात तीच तारीख धरतात. मी २० लाच चलन काढतो.