रागावण्याआधी

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘पैसे हातात आले की उडवून मोकळे होतात, उद्याचा विचारच नाही,’ हे मदत मागायला येणाऱ्या गरिबांबद्दलचं तुझं वाक्य मनाला लागलं. कामाच्या पहिल्या वर्षी मीही हेच म्हणायचे.

मुलांच्या संयमाची ती जुनी परीक्षा तुला ठाऊक असेल, मार्शमॅलो या मऊ गोळीची: आत्ता एक खा, नाहीतर थांब आणि दोन घे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ही परीक्षा घेण्याआधी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना चित्रं काढायला चांगलं सामान आणून देतो असं सांगितलं. काहींना ते मिळालं. बाकीच्यांना ‘नाहीये गं, संपलं’ एवढंच ऐकायला मिळालं. दिलेला शब्द पाळला गेला ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसलेली जेमतेम तीन. यात संयम कमी कुणाचा होता? ज्याला आजवर प्रत्येकाने ‘नंतर बघू’ म्हटलं, तो हातातलं आजच खर्चून टाकतो. त्याच्या अनुभवाला धरूनच आहे ते.

त्याच वर्षी तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचाही अभ्यास आला. तोडणीआधी, हात आखडलेला असताना, त्याच माणसांना बुद्धीच्या चाचणीत कमी गुण पडले. पैसे आल्यावर वाढले. डोकं तेच होतं, देण्याघेण्याच्या हिशेबात गुंतून पडलेलं.

आणि समाज काय करतो? इंग्लंडने १८३४ साली कायदाच केला. मदत हवी तर श्रमगृहात राहायला या आणि तिथे काम करा, आणि तिथलं जगणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षा वाईटच ठेवायचं, म्हणजे कुणी उगाच येणार नाही. नवरा-बायकोला वेगळं ठेवायचे. आपल्याकडचे मदतीचे अर्ज वाचताना मला अजून तोच संशय जाणवतो.

एक बाई माझ्याकडे तिसऱ्यांदा आली होती, प्रत्येक खेपेला मजुरी बुडवून. एक दाखला राहिला होता. ‘एवढंही लक्षात राहत नाही?’ मी म्हणाले. ती काहीच बोलली नाही. टेबलावर पसरलेल्या पावत्या एकेक करून गोळा केल्या, घडीवर घडी नीट बसवली, पिशवीत तळाशी ठेवल्या आणि गेली. परत आली नाही. आज तिच्याशी कसं बोलले असते, हे मी कितीदा मनात घोळवलंय.

म्हणून उद्या तुमच्याकडचा कोरा अर्ज घेऊन बस. एकच माहिती जिथे दोनदा मागितली आहे, तिथे एकदा खोड. आणि कुणाला मंगळवारी ये म्हणालास, तर मंगळवारी तू जागेवर हवास. काय काय खोडलंस, ते मला कळव.